देठ नसलेलं पान

मार्च सगळा कोरडा गेला. पूर्वेकडून वारं सुटलं ते तीन आठवडे थांबलंच नाही, आणि त्या वाऱ्यात द्राक्षाच्या काड्या वाळल्या धाटासारख्या कडक झाल्या. काडी वाकवून तारेला बांधायची तर हवा दमट लागते. धुकं असावं, बारीक झिमझिम असावी, अंगातला कोट जड व्हावा. मग काडी ऐकते. नाहीतर हातात दोन तुकडे. ऱ्हाइनकाठच्या त्या उतारावर हे पोरासोरांनाही ठाऊक होतं. म्हणून लोक दारात येऊन आभाळाकडे बघत आणि आत जाऊन पुन्हा कॉफी ओतून घेत. वेलींना मात्र थांबायला सवड नव्हती. छाटलेल्या टोकांतून पाणी टपकायला लागलं होतं, काडीवरचे डोळे, कोंब फुटायच्या जागा, फुगले होते. आणखी आठवड्याने त्यांतून कोंबांचा पांढरा कापूस दिसला असता, आणि कापूस दिसलेल्या काडीला हात लावला की डोळे टपाटप गळतात.

बुधवारी पहाटे वारं पडलं. खालच्या मजल्यावरून रोझविथाने झाडूचा दांडा छताला ठोकला.

"धुकं पडलंय! उठा!"

मारेन उठलेलीच होती. पलंगाच्या कडेला बसून होती, हातात एक मोजा. दुसरा पायात. खिडकीतून समोरचं धान्याचं कोठार दिसत नव्हतं, म्हणजे धुकं चांगलं दाट होतं. हातातला मोजा पायात घालायचा, एवढंच काम होतं. पण पाय कुणा दुसऱ्याचा असावा तसा लांब वाटत होता. मागे पाळण्यात ओडिले झोपेत ओठ चोखत होती. दहा महिन्यांची होती. मारेनने तिचे श्वास मोजले. वीस झाले, मग पुन्हा वीस.

"अजून बसलीच आहेस?" तिचा नवरा, फ्रिडोलिन, दारात आला. त्याच्या बुटांना माती होती. तो ट्रॅक्टर काढूनही आला होता. "मला वाटलं, आवरलं असेल."

"येते."

"बरं नाही का?"

"नाही, तसं काही नाही. झोप नाही उतरली अजून."

"सगळ्यांचं तेच चाललंय," तो म्हणाला आणि जिन्यावरून धडधडत उतरला.

ते खरंच होतं. मार्च लागला की त्या गावात सगळे दमलेले असत. वसंताची मरगळ. रेडिओवर सकाळी एक बाई तिच्यावर उपाय सांगे: भरपूर पाणी प्या, उजेडात जा, पालेभाज्या खा. बेकरीत लोक पावाबरोबर मरगळीची चौकशी करत. "कशी आहे यंदा?" "यंदा जरा जोरात आहे." ईस्टरपर्यंत जाते, असं सगळे म्हणत. ईस्टरला अकरा दिवस होते.

मरगळ सगळ्यांना होती, आणि सगळे कामाला जात होते. मारेनला त्याचीच लाज वाटे. तिच्या एकटीच्याच अंगात ती एवढी का बसून राहावी? घरात सगळ्यांत तरुण तीच, तिशी नुकती ओलांडलेली. कॉलेजात भूगोल शिकलेली. हवामानाचा माणसाच्या अंगावर काय परिणाम होतो यावर तिने एकदा वीस पानी निबंध लिहिला होता.

ओडिलेला पाठीवरच्या झोळीत बसवून ती वर पोहोचली तेव्हा रोझविथाची अर्धी ओळ झाली होती. सासू त्रेसष्ट वर्षांची, बुटकी, खांद्याने रुंद. कमरेला निळा एप्रन, त्याच्या खिशात वेली बांधायला भिजवलेल्या वाळुंजाच्या लवचिक काड्या. बाकी उतारावर सगळे कागद गुंडाळलेली तार वापरत. रोझविथा वाळुंज वापरी. तिने वेलीची काडी दोन्ही हातांत धरली, अंगठे आतल्या बाजूला, आणि हळूहळू दाबत नेली. काडीतून बारीक करकर ऐकू आली. तेवढ्या आवाजापाशी ती थांबली, श्वासभर, आणि मग पुढे. काडी कमान होऊन खालच्या तारेला टेकली. वाळुंजाचा एक वेढा, एक पीळ, टोक आत. झालं.

"तू या बाजूची घे," रोझविथा म्हणाली. "घाई करू नकोस. करकरली की थांब."

"हो. तुम्ही... तू किती वाजता आलीस?"

लग्नाच्या दिवशी सासूने ग्लास हातात देऊन सांगितलं होतं, आजपासून मला तू म्हणायचं. तीन वर्षं झाली. ते तू मारेनच्या जिभेवर अजून नीट बसलं नव्हतं. ती उत्तरेकडच्या सपाट मुलखातली. तिकडे डोंगरही नव्हते आणि वेलीही.

"सहाला," रोझविथा म्हणाली.

पहिली काडी वाकली. दुसरीही. तिसरीला करकर ऐकू आली का नाही, मारेनला सांगता आलं नसतं. हात पुढे गेले आणि काडी बोटांखाली मोडली. आवाज फार नव्हता. त्या वेलीला तीच एक काडी ठेवलेली होती. ती गेली म्हणजे त्या वेलीचं या वर्षाचं पीक गेलं. तुटक्या टोकातून पाणी आलं आणि तिच्या मनगटावरून बाहीत शिरलं. थंडगार होतं.

रोझविथा वळली. तिने बघितलं, तुकडा उचलला आणि एप्रनच्या दुसऱ्या खिशात घातला.

नऊ वाजेपर्यंत त्या खिशात चार तुकडे झाले. पाचवी काडी पुरती मोडली नव्हती, एका बाजूने सालीवर लोंबत होती. ती रोझविथाने सावरून धरली आणि तिच्याभोवती वाळुंजाचे तीन वेढे घातले.

शेजारच्या बागेतून, धुक्यातूनच, एगॉनचा आवाज आला. एगॉन सत्तरीचा, एकटा, आणि त्याला माणूस दिसला नाही तरी बोलायला चालत असे.

"काय रोझविथा, सून आज लाकडं तोडतेय का?"

"तू आपलं बघ."

"नाही, ऐकू आलं म्हणून म्हटलं. पाच मोजले मी."

"वसंताची मरगळ आहे तिला."

"कुणाला नाही? मलाही आहे. माझी शेहेचाळीस सालं जुनी आहे, बायको गेली तरी ती काही जात नाही." तो स्वतःच हसला. "रानलसूण खायला घाल तिला. रक्त धुऊन निघतं."

मारेनचे कान तापले. हे धुकं, त्यात बोललेलं सगळ्या उताराला ऐकू जातं. पाठीवर ओडिले तिचे केस ओढत होती, आणि तिला एकदम वाटलं, आपण इथेच, या ओल्या मातीत, आडवं व्हावं. रडू आलं असतं तर बरं झालं असतं. तेही येत नव्हतं. वेलीच बापड्या गळत होत्या, आख्ख्या ओळीने.

"म्हातारा बोलला ते खोटं नाही," रोझविथा आवाज खाली आणून म्हणाली. "तू असं कर. ओढ्याकडे जा आणि टोपलीभर रानलसूण आण. दुपारी चक्क्यात कालवू, बटाटे उकड. ताजं हिरवं पोटात गेलं की बरं वाटेल. इथलं आम्ही बघतो."

"सोळा ओळी आहेत अजून."

"आहेत. तू इथे राहिलीस तर वेली कमी होतील." मग तिला आपलंच बोलणं लागलं असावं. "पलीकडच्या काठाची तोड, झाडांखालची. कुरणाकडची नको. आणि हुंगून तोड."

"माहीत आहे मला."

माहीत होतंच. कुरणात त्याच दिवसांत दुसरी पानं उगवतात. शरदात बिनपानांचं जांभळं फूल येतं ना, त्याची. तशीच लांबट, तशीच हिरवी, आणि पोटात गेली तर माणूस वाचेलच असं नाही. दर वसंतात पेपरात फोटो छापून येतो, दोन पानं शेजारी शेजारी. दवाखान्यात तर तक्ताच लावलेला आहे. रानलसणाच्या प्रत्येक पानाला आपला वेगळा बारीक देठ. दुसऱ्याला देठच नाही. मारेनने तो तक्ता ओडिलेच्या प्रत्येक लशीच्या वेळी वाचला होता. ती सगळेच तक्ते वाचायची.

ओढ्यापलीकडे झाडांखाली जमीन हिरवीगार झाली होती आणि हवेला लसणाचा वास होता. ती गुडघे टेकून बसली. पहिलं पान तोडलं, चुरगळून हुंगलं. दुसरं, तिसरं. दहाव्या पानापर्यंत बोटांनाच असा वास लागला की जे हुंगावं ते लसूण. ती थांबली. मग हात चालू राहिले. काम सोपं होतं, आणि सोप्या कामात डोकं कुठेतरी बुडून जातं, हे तिला बरं वाटलं. टोपली भरायला आली तेव्हा ती पाण्याच्या इकडे, कुरणाच्या कडेला बसलेली होती. ओढा केव्हा ओलांडला ते तिला आठवेना. आठवायचा तिने प्रयत्नही केला नाही. पाठीवर ओडिले झोपली होती, आणि घर पाऊण किलोमीटर लांब होतं.

घरी आल्यावर तिने बटाटे लावले. ओडिलेला स्वयंपाकघरातल्या सतरंजीवर बसवून पुढ्यात लाकडी चमचा दिला. पानं धुतली, ढिगाने धरून चिरली, चक्क्यात घातली, मीठ घातलं. एकीकडे ती पोरीकडे बघत होती, बटणं, शेंगदाणा, काही तोंडात जात नाही ना. हे बघणं मात्र तिचं कधी सुटलं नव्हतं. झोपेतही सुटत नसे.

साडेबाराला दोघं आली. फ्रिडोलिनने कोट दारात टाकला, रोझविथाने हात धुतले पण एप्रन काढला नाही; अर्ध्या तासाने परत वर जायचं होतं.

"आहा, वास बघ," फ्रिडोलिन म्हणाला आणि बटाटा सोलायला घेतला.

रोझविथाने चक्का ताटलीत वाढून घेतला. मारेन ओडिलेला उचलायला वाकली. पोरीच्या मुठीत पान होतं. ओट्यावरून पडलेलं. तोंडाभोवती हिरवी लाळ.

मारेनने मूठ उघडली. पान हुंगलं. लसूण. मग स्वतःची बोटं हुंगली. लसूण. तिने पान उजेडात धरलं. जाडसर होतं, ताठ, दोन्ही बाजूंनी सारखंच चकचकीत. बुडाकडे बघितलं. देठ नव्हता. वरचा कोपरा नव्हता, दातांनी तोडलेला.

"खाऊ नका," ती म्हणाली.

आवाज इतका हळू होता की फ्रिडोलिनने फक्त मान वर केली. रोझविथाचा चमचा तोंडापाशी होता.

"खाऊ नका! ते लसणाचं पान नाहीये! ते दुसरं आहे, कुरणातलं आहे, ओडिलेनं खाल्लंय!"

रोझविथाने चमचा ठेवला. पान हातात घेतलं, एकदाच उलटंपालटं केलं. तिचा चेहरा पिठासारखा झाला.

"फोन लाव," ती मुलाला म्हणाली. "फ्रिजवर नंबर आहे, विषबाधेचा. तू बटाटा खाल्लास?"

"नुसता. चक्का नाही लावला अजून."

"मग बोल."

फ्रिडोलिन बोलू लागला. पोरीचं वजन सांगितलं, वय सांगितलं. किती वाजता? आत्ता, दहा मिनिटं, फार तर पंधरा. किती खाल्लं? तो मारेनकडे बघत राहिला. मारेन सतरंजीवर बसून ओडिलेच्या तोंडात बोट फिरवत होती आणि पोर किंचाळत होती.

"किती खाल्लं, विचारतायत."

"कोपरा. नखाएवढा. दोन नखांएवढा. मला काय माहीत! मी बघत होते, मी सारखी बघत होते—"

"थांब," रोझविथा म्हणाली. ती गुडघ्यांवर आली, मग हातांवर. हाडं वाजली. सतरंजी झटकली, ओट्याखाली हात घातला, टेबलाखाली गेली. नाकाने वास घेत चालावं तशी ती फरशीवरून सरकत होती, एप्रनच्या खिशातून मोडक्या काड्यांचे तुकडे खाली पडत होते. फरशीवर काही नव्हतं. मग तिने रडत्या नातीची हनुवटी दोन बोटांनी वर केली. गुबगुबीत गळ्याला दोन वळ्या होत्या. खालच्या वळीत, लाळेत चिकटलेला, हिरवा तुकडा होता.

तिने तो ताटलीवर ठेवला आणि शेजारी पान लावलं. सरकवलं, फिरवलं. कडा जुळल्या. मध्ये दातांच्या खुणांएवढी फट राहिली.

"सगळं आहे," ती म्हणाली. "सांग त्यांना, सगळं आहे. रस गेला असेल तेवढाच."

तरी घेऊन या, फोनवरच्या बाई म्हणाल्या. पानही आणा.

जिल्ह्याच्या इस्पितळात ओडिलेला चोवीस तास ठेवून घ्यायचं ठरलं. रक्त घेतलं, कोळशाचं काळं औषध पाजलं. अर्धं तिने आजीच्या निळ्या एप्रनवर काढलं. मग ती खुशाल झाली आणि पलंगाचे गज हलवू लागली. फ्रिडोलिन भिंतीला टेकून उभा होता, करण्यासारखं काही नव्हतं.

"तू जा वर," रोझविथा त्याला म्हणाली. "धुकं आहे तोवर वाकव."

"अशात?"

"अशात नाहीतर कशात? वेलींना कुणी सांगणार आहे का?"

तो गेला. दुपारी डॉक्टरीण आली, तरुण होती, हातात फॉर्म. पान बघून म्हणाली, होय, तेच. लक्षणं उशिरा दिसतात म्हणून थांबायचं. पण काळजीचं फार दिसत नाही. मग पेन उघडून तिने विचारलं, "पानं कुणी तोडली होती?"

"मी," मारेन म्हणाली.

"दोन्हींतला फरक माहीत नव्हता का?"

"होता."

डॉक्टरणीने वर बघितलं. रोझविथा मध्ये पडली. "तिची चूक नाही. मीच पाठवलं. वसंताची मरगळ आहे हो तिला, काम सुचत नाही. सगळ्यांनाच असते आमच्याकडे."

"नाही," मारेन म्हणाली.

"काय नाही?"

"मरगळ नाही ती." तिने हात मांडीवर ठेवले. हातांना अजून लसणाचा वास येत होता. "वसंताची नाही. नोव्हेंबरपासून आहे. नोव्हेंबरात मला वाटलं, धुक्यामुळे असेल. मग वाटलं, बर्फामुळे. मग तुम्ही सगळे म्हणायला लागलात, वसंतामुळे, आणि मला बरं वाटलं, की चला, सगळ्यांनाच आहे. मी सकाळी मोजा हातात घेऊन बसते. अर्धा तास. पायात घालायचा असतो. कळतं मला की घालायचाय." तिने ओडिलेकडे बघितलं. "हिच्याकडे तेवढं बघता येतं. बाकी काही दिसत नाही. ओढा कधी ओलांडला, ते आठवत नाही मला."

डॉक्टरणीने फॉर्म उलटा केला आणि कोऱ्या बाजूला लिहायला घेतलं. झोप? जेवण? जिवाचं बरंवाईट करावंसं? मारेनने एकेक उत्तर दिलं. शेवटच्याला "नाही" म्हणाली, मग "तसं नाही, पण आपण नसावं असं वाटतं" म्हणाली. रोझविथा उठून खिडकीशी गेली आणि बाहेर, गाड्या लावायच्या जागेकडे, बघत राहिली.

डॉक्टरीण गेल्यावरही ती तिथेच होती. पाठमोरीच बोलली.

"फ्रिडो झाला तेव्हा मला म्हणाले, वसंताची मरगळ. एप्रिलचा जन्म त्याचा. माझी सासू म्हणाली, चिडवणीच्या पाल्याचा काढा पी. प्यायले." तिने काचेवरून बोट फिरवलं. "तीन वर्षं वसंत होता माझा."

"मग?"

"मग काय. गेला. कसा गेला माहीत नाही." ती वळली. "तुझं मी ओळखायला हवं होतं. मोजा म्हणालीस ना? माझं बुटाची नाडी होतं."

मारेनला त्या क्षणी रडू आलं. मोठं काही नाही. नाकातून पाणी आलं, हनुवटीवरून टपकलं. रोझविथाने रुमालासाठी खिशात हात घातला, हाताला वाळुंजाची एक ओली काडी लागली, ती परत ठेवली आणि एप्रनचं टोकच पुढे केलं. त्याला काळ्या औषधाचे डाग होते.

गुरुवारी दुपारी ओडिलेला घरी सोडलं. संध्याकाळी रोझविथाने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, जिथे फवारणी आणि बाटल्या भरायचे दिवस लिहिलेले असत, तिथे सोमवारच्या चौकोनात लिहिलं: मारेन, डॉक्टर, साडेनऊ, मी नेणार.

शुक्रवारीही धुकं होतं. झाडूचा दांडा छताला लागला नाही. मारेन जागी झाली तेव्हा पाळणा रिकामा होता, आणि ती धडपडून अनवाणीच खिडकीशी गेली. खिडकी उघडली. कोठाराच्या मागून बाग सुरू होत होती. दिसत काहीच नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. ओडिलेचं ब-ब-ब. कात्रीची कटकट. काडीची बारीक करकर, आणि मधला तो श्वासभराचा थांबा. फ्रिडोलिन वरच्या ओळींतून काहीतरी विचारत होता. अकरा ओळी राहिल्या होत्या. रात्री तोच म्हणाला होता, सगळ्या काही होत नाहीत.

मग एगॉनचा आवाज आला.

"रोझविथा! पोर तुझ्या पाठीवर? सून कुठेय?"

मारेनने खिडकीची चौकट धरली. आता ते येणार. मरगळ, आणि शेहेचाळीस सालं, आणि हसणं.

"आजारी आहे," रोझविथा म्हणाली. मोठ्याने, सगळ्या उताराला ऐकू जाईल असं.

पलीकडे एगॉनची कात्री थांबली.

"आजारी म्हणजे?"

"म्हणजे आजारी. पाय मोडला असता तर विचारलं असतंस का?"

"नाही." तो खाकरला. "माझ्या दोन ओळी राहिल्यात. त्या झाल्या की खालून घेत येतो तुमच्या."

"तुझ्या तारेनं नको बांधू. वाळुंज देते मी."

"तुझं ते वाळुंज!" एगॉन म्हणाला, पण कात्री पुन्हा सुरू झाली.

मारेनने खिडकी पूर्ण लावली नाही, बोटभर उघडी ठेवली. पलंगावर दोन्ही मोजे पडले होते. तिने ते उचलून खुर्चीवर ठेवले आणि पांघरुणात परत शिरली. बाहेर ओडिले काहीतरी पकडायला झेपावत असावी, आजीचं ओरडणं ऐकू आलं, "अगं, ते वेलीचं पाणी आहे, तोंडात काय घेतेस!" मारेन अर्धी उठली, कानोसा घेत राहिली.

"बघितलंय मी," खालून रोझविथाचा आवाज आला. खिडकीकडे तोंड करून बोलत असावी. "झोप तू."